आईचा आवाज आणि गेममधले लांडगे

परवा रविवारी भर दुपारी मी लांडग्यांकडून मार खात बसले होते... आणि तोही मुद्दाम! छावणी भागातल्या आमच्या घरी, सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तशी मी गेम खेळणारी बाई नाही, मला पत्त्यांतसुद्धा कुणी पार्टनर म्हणून घेत नाही.

सांगते काय झालं ते.

माझ्या धाकट्या भावाचा मित्र इम्रान गेम बनवतो. काही वर्षांपूर्वी त्यानं एक मराठी गेम करायला घेतला... एक मुशाफिर, डोंगरातली वाट, वाटेत एक सराई. सराईच्या मालकिणीला आवाज कुणाचा, तर आमच्या आईचा! आई शाळेत शिक्षिका होती. ती वर्गात बोलली की मैदानावरची पोरं गप्प व्हायची, असा तो आवाज.

मला आधी हसूच आलं. गेममध्ये आवाजाकडे कोण लक्ष देतं? हिंदीत डब केलेले एकदोन गेम भाच्याकडे ऐकले होते... पोटात तलवार घुसली तरी माणूस बस स्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तसा बोलतो.

इम्रान मात्र हट्टी. आमच्या आतल्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, ऐन एप्रिलमध्ये पंखा बंद केला आणि आईला एकेक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. "आंटी, एक बार और... इस बार थोडा थकके." खेळणारा त्या सराईमध्ये दहादा येणार, दहाही वेळा तेच ऐकू आलं तर ती बाई जिवंत वाटायची नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून पहिल्यांदा आल्यावर एक वाक्य, अंधार पडल्यावर दुसरं, जखमी होऊन आल्यावर तिसरं.

आणि बोलायचं कसं, तर आईच्या माहेरी बोलतात तसं. तिचं माहेर वेरूळच्या पुढचं एक खेडं. जन्मभर मुलांच्या वहीत 'लई' खोडून 'खूप' लिहिणारी आमची आई घाम पुसत पुसत 'लई'वर आली... आणि काय खुलली म्हणून सांगू!

गेल्या वर्षी तिचं थायरॉईडचं मोठं ऑपरेशन झालं. आवाज जाऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो गेला. तब्येत ठणठणीत आहे, त्याबद्दल देवाचे आभार. पण आता नुसती कुजबुज उरलीय... हवा जास्त, शब्द कमी.

लोक "काय? काय म्हणालात?" करतात, म्हणून तिनं हळूहळू बोलणंच सोडलं. फोन घेत नाही, घरातही खुणांवर भागवते. असं शांत घर मला खायला उठायचं.

मला तिचा आवाज हवा होता. फार हवा होता. माझ्या फोनमध्ये तिचे ढीगभर फोटो आहेत आणि आवाज म्हणाल तर एका लग्नाच्या व्हिडिओत, बँडच्या गोंगाटात, अर्धं वाक्य.

मग तो गेम आठवला. भावाकडून लॅपटॉपवर टाकून घेतला आणि पडत-धडपडत सराईपर्यंत पोचले. दार उघडलं आणि... "आलास व्हय? बस, पाणी पी आधी." माझे हात तसेच कीबोर्डवर राहिले.

पण मला ऐकायचं होतं ते वाक्य जखमी झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणून बाहेर जायचं, लांडग्यांपुढे उभं राहायचं, चार चावे खायचे आणि लंगडत परत यायचं. "अगं बाई! लई लागलं का रं?" पुन्हा बाहेर, पुन्हा लांडगे. एकदोनदा तर मेलेसुद्धा!

आई आत झोपलीय असं समजून आवाज मोठा ठेवला होता. मान वर केली तर ती दारात उभी. मी झटकन आवाज बंद केला... तिचा गेलेला आवाज तिच्याच घरात असा वाजवत बसले होते मी.

ती येऊन शेजारी बसली आणि खूण केली, परत लाव. मी परत लांडग्यांकडे जाऊन आले. तिनं नीट ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि कुजबुजली, "चुकलंय."

"काय चुकलंय?"

"वराडतेय मी. वर्गात हजेरी घेतल्यावानी. लागलेल्या माणसाला असं विचारतेत व्हय?"

मग माझ्याकडे वळली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या फाटक्या आवाजात, अगदी सावकाश म्हणाली, "लई लागलं का गं?"

मला रडू फुटलं. वर्षभराचं सगळं बाहेर आलं... आणि बाईसाहेबांना वाटलं, टेक चांगला झाला! "बघ, असं पायजे," म्हणे. "इम्रानला सांग, परत घ्यायचंय हे."

"आई, या आवाजात?"

"मग? लागलेल्या माणसाजवळ बसून बोलायचंय. मैदानात नाय बोलायचं."

त्या संध्याकाळी ती किती बोलली! बाकीची वाक्यं कुठं घाईत झाली, कुठं पाणी प्यायला थांबायला हवं होतं, सगळं. मी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होते.

इम्रान येत्या रविवारी येतोय. जुनं वाक्य काढून नवीन टाकायचं, असा आईचा हुकूम आहे, चुकीचं राहायला नको. माझ्या आत काहीतरी तुटलं, पण मी हो म्हटलं. नवीनच खरं आहे, ते मलाही कळतं.

फक्त... आई फेसबुकवर नाही म्हणून इथं सांगते. जुनं वाक्य मी गुपचूप फोनमध्ये उतरवून घेतलंय. त्या आवाजाची आठवण येणारच, रोज येते. पण आई परत बोलायला लागली... देवानं एवढं दिलं, मला पुष्कळ आहे.