घर कुठल्या दिशेला?

देवासमध्ये अ‍ॅपवरून गाडी बोलावून ती खरोखर दारात आणणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, तो म्हणजे माझे आतोबा. बाकीचे लोक गाडी बुक करतात, आतोबा तिची निवड करतात. बाबांच्या सारख्या बदल्या व्हायच्या म्हणून मी आत्याकडे राहून शिकले, त्यामुळे हा सोहळा मी अगदी जवळून पाहिला. दिवाणावर तीन फोन ओळीने मांडायचे: त्यांचा, आत्याचा आणि माझा. प्रत्येकात वेगळ्या कंपनीचं अ‍ॅप. कंपन्यांची नावं ते कधी घेत नसत. शहरात आल्या त्या क्रमाने थोरली, मधली आणि धाकटी. "थोरलीला मिजास फार. मधली गोड बोलून ऐनवेळी फिरते. धाकटी आठ मिनिटं म्हणते अन् वीस लावते," असं घरातल्या सुनांबद्दल बोलावं तसं ते बोलायचे. आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि तिघींना सांभाळणारे तुम्हीच तेवढे शहाणे!"

भाड्याकडे ते बघतच नसत, ड्रायव्हरला मिळालेल्या ताऱ्यांकडेही नाही. तिन्ही अ‍ॅपवर ड्रायव्हर मिळाले की एकेकाला फोन लावून एकच विचारायचे, "भिया, घर कहाँ है आपका?" आतोबांची सारी नोकरी एका कारखान्याचा माल ट्रकमधून रवाना करण्यात गेली होती. ज्याचं घर त्याच रस्त्यावर, त्याचाच ट्रक वेळेवर पोचतो, हा त्यांनी तिथे लावलेला शोध. एकदा पलीकडून उत्तर आलं, "बाबूजी, गाड़ी चाहिए कि रिश्ता करना है?" आतोबा शांतपणे म्हणाले, "पहले गाँव बताओ, फिर देखते हैं." मी मात्र लाजेने दाराआड. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं तरी मी तो दुसऱ्याच्या हातात देते, आणि हे लोकांना घर विचारत होते!

त्या शोधाची खरी परीक्षा माझ्या मुलाखतीच्या दिवशी झाली. धारच्या एका शाळेत अकराला पोचायचं होतं. वर्षभरात आलेलं ते एकमेव बोलावणं होतं. सकाळी साडेसातला तिन्ही फोन मांडले गेले. थोरलीचा ड्रायव्हर टोंकखुर्दचा निघाला. "उलटी दिशा," म्हणून आतोबांनी त्याला रद्द केलं. मधलीचा लोहारद्याचा. तोही रद्द. दोघंही यायला तयार होते.

"आतोबा, आठ वाजले," मी म्हटलं. त्यापुढे बोलले असते तर रडूच आलं असतं.

"वाजू दे," ते म्हणाले आणि धाकटीच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो मोहनखेड्याजवळचा होता, म्हणजे धारच्याही पुढचा. "पंद्रह दिन से घर नहीं गया, बाबूजी," तो म्हणाला. आतोबा दिवाणावरून उठून उभे राहिले. "ही पक्की!"

ती गाडी नव्हतीच, घरी निघालेला माणूस होता. वाटेत त्याने चहालाही गाडी थांबवली नाही. बायकोला मात्र फोन केला, "खाना बना के रख, मैडम को धार छोड़ के आया." साडेदहाला मी शाळेच्या फाटकात उभी होते. नोकरी मिळाली.

आता मी धारला राहते आणि शनिवारी देवासला येते. आतोबांना हल्ली नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ड्रायव्हरशी बोलणं संपलं. त्यांचा आणि आत्याचा फोन तरीही मांडलेले असतात, पण मी पाठवलेल्या नकाशावर माझी गाडी कुठवर आली ते बघण्यापुरते. मागच्या शनिवारी धारला गाडी मिळाली, तेव्हा मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लावला. "भिया, घर कहाँ है आपका?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो म्हणाला, "देवास, दीदी."

टेकडीजवळच्या वळणावरून गाडी वळली तेव्हा आतोबा फाटक उघडून उभे होते. बॅग हातात घेत त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुठला होता?"

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हटलं, "इथलाच!"

"मग वेळेत येणारच," ते समाधानाने म्हणाले. त्या गाडीतून घरी येणारे दोघं होते, हे मला सांगायचं होतं. पण तेवढं मोठ्याने मला अजून बोलता येत नाही.