उलट्या हाताची गिटार

आमच्या ह्यांच्या डाव्या हाताची बोटं कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली गेली, तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मधलं बोट मुळापासून गेलं, शेजारचं अर्धं उरलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी कुठली बोटं गेली ते विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. हे म्हणाले, "म्हंजे वाजवायचीच की." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

दिवसा कारखाना आणि हंगामात ऑर्केस्ट्रात गिटार, असं त्यांचं चालायचं. जत्रा, गणपती, हळदीचे कार्यक्रम. कोडोलीत मैत्रिणीच्या हळदीला मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेही स्टेजवरच. गिटारमध्ये सगळी कसरत डाव्या हाताची. तारा तो दाबतो. उजवा नुसता छेडतो. मशीननं नेमका डावा धरला.

बरे झाल्यावर कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. आलेला-गेलेला माल बघायचा. घरी आले की डावा हात उशीखाली घालून टीव्हीसमोर बसायचे. जुनी गिटार त्यांनीच विकली. कुणाला, ते मीही विचारलं नाही.

वर्षभरानं एका रविवारी म्हणाले, हात बदलून बघतो. उजव्यानं तारा दाबायच्या, डाव्यानं छेडायच्या. छेडायची पट्टी धरायला अंगठा आणि पहिलं बोट पुरतं. पण त्याला सगळीच रचना उलटी असलेली गिटार लागते, आणि तशी तयार गिटार इथल्या कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी मोबाईलवर शोधून त्यांनी तसल्या इलेक्ट्रिक गिटारचे सुटे भाग मागवले. खोक्यात कच्च्या लाकडाचं अंग, लांब मान, खुंट्या, वायरी आणि स्क्रूच्या पिशव्या निघाल्या. सगळं आपण जोडायचं, रंगही आपणच द्यायचा.

त्यांच्या एका हातात पकड नव्हती, म्हणून दुसरा हात मी झाले. मला ह्यातलं काही कळत नव्हतं. पॉलिश पेपरनं लाकूड घासायचं ते उभ्या रेषेनंच, आडवं घासलं की ओरखडे रंगाखालून दिसतात, हे मी त्यांच्या ओरडण्यातून शिकले. लाकडाच्या भेगा बुजवायला लांबी भरली, वाळवली, पुन्हा घासली. रंग गाडीचा, गॅरेजमध्ये मारतात तो, गडद लाल. गच्चीवर कपड्यांच्या तारेला ते लाकूड टांगून हे उजव्या हातानं स्प्रे मारायचे आणि मी चादरीचा आडोसा धरून उभी राहायची. रंगाचा दुसरा थर ओला असतानाच त्यावर एक चिलट येऊन चिकटलं. ह्यांनी सगळा रंग घासून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. माझे खांदे भरून आले होते, तरी मी परत चादर धरली. कितीतरी महिन्यांनी हा माणूस कशासाठी तरी अडून बसला होता.

वायरी मी जोडल्या. ते सांगायचे, मी सोल्डरिंगची पेन्सिल धरायची. एकदा वायर पकडायला म्हणून त्यांनी डावा हात पुढं केला, वायर निसटली आणि गरम कथलाचा थेंब माझ्या मनगटावर पडला. ते उठून मोरीत गेले. बराच वेळ नळ सोडून उभे होते. परत आले आणि म्हणाले, "चल, पुढची."

गिटार झाली तेव्हा फार देखणी दिसत होती. अंगात तोंड दिसावं असा रंग. तारा चढवून, सूर लावून त्यांनी ती उलटी गळ्यात घेतली.

आणि वाजेना.

म्हणजे आवाज येत होता; गिटारीत खोट नव्हती. त्यांच्या उजव्या हाताला काही येत नव्हतं. ते रोज कामावरून आले की आतल्या खोलीत दार लावून बसायचे आणि मी स्वयंपाकघरात तेच चार सूर अडखळताना ऐकायची. नवशिक्याला आपण किती वाईट वाजवतो ते कळत नाही. ह्यांना सगळं कळत होतं. पावसाळा संपत आला तसं दाराआडचं वाजवणं कमी होत गेलं.

गणपतीच्या आधी ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला मित्र घरी आला. गिटार हातात घेऊन त्यानं फार कौतुक केलं. ह्यांनी थोडं वाजवून दाखवलं. मित्रानं मान खाली घालून ऐकलं. मग चहा संपवून म्हणाला, "भावा, माझ्याजवळ सगळ्या गाण्यांचे ट्रॅक हायत. गिटारबी त्यातच वाजत्या. तू नुसता उभा ऱ्हा. स्पीकरची वायर न्हाय लावली तर कुणाला कळतंय?"

मला वाटलं, हे त्याला हाकलून देतील. हे गिटारकडं बघत राहिले आणि म्हणाले, "येतो की."

पहिला कार्यक्रम आमच्याच पेठेतल्या मंडळाचा होता. मी बायकांत बसले होते. दिव्यांत गिटार झळकत होती आणि हे जुन्या सवयीनं पाय ठेक्यावर हलवत होते. शेजारची म्हणाली, तुमच्या मालकांनी बोटं गेली तरी कला सोडली नाही. मी हसले.

तिसऱ्या कार्यक्रमाला, कबनूरला, मीही बरोबर गेले होते. गाण्याच्या मध्यात गिटारचा एकट्याचा तुकडा होता. हे पुढं आले, दिवा त्यांच्यावर आला, आणि तेवढ्यात ट्रॅक अडकला. सगळं गप्प झालं. ह्यांचा हात मात्र दोन-तीन वेळा तारांवरून फिरला, बिनआवाजाचा. आधी पुढची पोरं हसली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, सेल संपला काय?" मंडपभर हसू पसरलं. मित्रानं धावाधाव करून ट्रॅक परत लावला. हे होते तिथंच उभे राहिले, आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही.

येताना टेम्पोत मित्र सारखी माफी मागत होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी वायर लावूनच ठेवा. तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. "लावून काय वाजवणार हुतो, सांग की?"

राहिलेल्या कार्यक्रमांना ते गेले नाहीत. गिटार कपाटावर गेली आणि वर्षभर तिथंच राहिली.

पुढच्या गणपतीला मित्राचा परत फोन आला. आता ट्रॅक अडकत नाही, नवीन लॅपटॉप घेतलाय, असं तो सांगत होता. हे "बरं" म्हणाले. खाली काढून गिटार पुसली, रंगावर एक बारीक चरा पडला होता तो मला दाखवला. आम्ही दोघांनी बसून तो घासून घालवला.

आता ते दर हंगामात जातात. घरी कधी वाजवत नाहीत. मी बघायला जात नाही, आणि कार्यक्रम कसा झाला हे त्यांना विचारतही नाही.