पुस्तक माझं, फोन भावोजींचा

एक निवृत्त पोस्टमास्तरीण गावोगावचे खून उलगडते, अशा एका रहस्यमालिकेचं मला आणि माझ्या नणंदेला वेड आहे. मी आचऱ्याला राहते, ती कट्टा गावात. पहिले चार भाग मी ई-रीडरवर वाचले. या वयात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, यापरतं सुख नाही. माझं वाचून झालं की ई-रीडर कट्ट्याला जायचा आणि तिचं होईपर्यंत मी खुनी पोटात ठेवून फिरायचे.

पाचवा भाग गणपतीनंतर आला, तो एका निराळ्याच ऑनलाइन दुकानात. फक्त तिथेच. मी उत्साहाच्या भरात पैसे भरून मोकळी झाले आणि मग कळलं की तो ई-रीडरवर उतरतच नाही. त्या दुकानाच्या अ‍ॅपमध्येच उघडतो, आणि ते अ‍ॅप माझ्या जुन्या फोनवर चालत नाही. नणंदेच्याही नाही. मदतकेंद्राला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती. मी विचारलं, मग मी विकत घेतलं ते काय? ती म्हणाली, "वाचण्याचा परवाना, मॅडम."

मला इतका राग आला की हसूच फुटलं. परवाना बंदुकीचा असतो, दारूच्या दुकानाचा असतो. मी तिला सांगितलं, आमच्या बंदरावर एखादी बांगडे विकायला बसली आणि वर म्हणाली, हे फक्त माझ्याच तव्यात तळायचे, तर तिची पाटी भरलेलीच परत जाईल. मुलीने तक्रार नोंदवून घेतली. बांगड्यासकट घेतली की नाही, देव जाणे.

मग नणंदेने शोध लावला. "वयनी, ह्येंच्या फोनार उघडता."

ह्ये म्हणजे तिचे यजमान, आमचे भावोजी. काजूची बाग सांभाळणारा माणूस. शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात न लावलेला. नवाकोरा फोन क्रिकेटसाठी आणि काजूच्या भावासाठी. मी मालवणला गाडी बदलून कट्ट्याला पोचले, माझ्या खात्याने त्यांच्या फोनवर पुस्तक उघडलं आणि हात पुढे केला. त्यांनी फोन छातीशी धरला.

"फोन मी कोणाक देवचंय नाय. व्हया तर वाचून दाखयतंय."

सुरुवातीला त्यांनी ग्रामपंचायतीची नोटीस वाचावी तसं वाचलं. खून झाला तरी आवाज तोच. तिसऱ्या प्रकरणात मात्र काय झालं कोण जाणे, पोस्टमास्तरीण मालवणी बोलायला लागली. फौजदार नाकातून बोलू लागला. नणंद तांदूळ निवडत होती. ती अशी हसली की सूप कलंडलं आणि निवडलेले, न निवडलेले सगळे एक झाले. माझी शेवटची गाडी गेली तरी कोणी उठलं नाही. अगदी रंगात आल्यावर, खून गावच्या वैद्याने केला असं आम्हाला वाटू लागलं तेवढ्यात, भावोजींनी फोन बंद केला आणि जेवण मागितलं.

सकाळी ते फोन घेऊन बागेत गेले, ते दुपारीच आले. चेहरा फार शांत. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सोलकढीचा घोट घेऊन ते सहज म्हणाले, "वैद्यान नाय केल्यान, सांगान ठेवतंय."

नणंदेचा वाढता हात थांबला. नवऱ्याने एकट्याने, काजूच्या झाडाखाली बसून, आमच्या आधी पुस्तक संपवलं होतं. आणि पैसे मी भरले होते. तिने त्यांना भात वाढायचाच बंद केला. शेवटी उरलेली सगळी प्रकरणं बसल्या बैठकीला वाचायची, या अटीवर भात मिळाला.

त्यांनी वाचली. आम्ही वैद्याला केव्हाच सोडून दिलं होतं. कधी सोनारावर, कधी सरपंचाच्या मेहुण्यावर डोळा ठेवून होतो. शेवटच्या प्रकरणात पोस्टमास्तरणीने वैद्याच्याच खांद्यावर हात ठेवला. भावोजी जेवताना आमच्याशी साफ खोटं बोलले होते, आणि आता फोनआडून आमची तोंडं बघत होते. माझ्या पोटात हसून कळ आली. नणंद उठून अंगणातच गेली.

माझी तक्रार अजून मागे घेतलेली नाही. घेतलेलं पुस्तक मला माझ्या घरी, माझ्या खाटेवर, एकटीने वाचता आलं पाहिजे, हे मी त्या मुलीला पुन्हा फोन करून सांगितलं. सहावा भागही त्याच दुकानात येणार म्हणतात. नणंद सांगते, सध्या भावोजी बागेत फौजदाराचा आवाज घटवतायत.