साडूंचं रोम

रोमन साम्राज्य कोसळल्याचं घरच्यासारखं सुतक पाळणारा माणूस साऱ्या आशिया खंडात एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ब्याण्णव साली आम्ही दोघेही जपानात कोबेला होतो. मी मोत्यांच्या व्यापारात, ते एका जहाज कंपनीच्या कचेरीत. मेहुणी म्हणायची, "यांना भाजीला पाठवलं की कार्थेज जाळून येतात, भाजी तेवढी राहते." आमटीत मिरं जास्त पडलं, तर हेच मिरं मलबारहून रोमला कसं जायचं ते ऐकेपर्यंत आमचा भात गार. सम्राटांबद्दल ते चुलत्यांबद्दल बोलावं तसं बोलत. "नीरो वाईटच होता, पण रोमला आग त्यानं लावली असं मी म्हणणार नाही," असं सांगून आवाज खाली आणत, जणू कुणी त्यांना साक्षीला बोलावलं होतं.

त्यांचं जपानी उत्तम; मला ऐकून कळायचं, बोलता मात्र बाजारापुरतंच यायचं. मला स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुकान भाड्याने हवं होतं. तोवर मी लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या खोलीत माल दाखवत होतो आणि वयस्कर गिऱ्हाइकं जिना बघूनच परत फिरत. दुकानाचे मालक एकटे राहणारे आजोबा, ख्रिस्ती घराण्यातले. दुभाषा म्हणून साडूंना नेलं. "मी बोलेन तेवढंच सांगा," असं वाटेत दोनदा बजावलं. "अलबत," ते म्हणाले.

भाड्याचा विषय निघाला मात्र, साडू म्हणाले, "संत पॉलही रोममध्ये भाड्याच्याच घरात राहायचा."

आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"तेव्हा चर्च कुठली? कुणाच्या घरी, कुणाच्या दुकानामागे माणसं जमायची. गुलाम आणि मालकीण एका पंगतीला जेवायची."

मी कोपर मारलं. "तुमचंच सांगतोय," ते मराठीत पुटपुटले.

मग आजोबांनी विचारलं, ख्रिश्चनांना सिंहांपुढे टाकलं ते कोलोसियममध्येच ना? साडू शांतपणे म्हणाले, "तिथेच, असा पक्का पुरावा नाही." माझं डोकं फिरलं. ज्याचं दुकान घ्यायचं, त्याच्याच हुतात्म्यांची जागा हलवायची?

"दुकानाचा विचार करतो," आजोबा म्हणाले. "पुढच्या रविवारी या. दोघंही."

पुढे प्रत्येक रविवारी नवी अडचण निघे. कधी शटर, कधी पाटी, कधी गटार. दुकान जागचं हलेना. रोम मात्र पुढे सरकत राहिलं. शहरात साथ आली तेव्हा लोक पळाले, पण ख्रिस्ती माणसं शेजाऱ्यांना पाणी पाजत मागे राहिली, हे साडूंनी सांगितलं त्या दिवशी आजोबा बराच वेळ खिडकीकडे बघत होते. मी रिकाम्या हाताने धंदा उभा केलेला माणूस; भल्याभल्यांना मी एका बैठकीत कबूल करायला लावलंय. इथे वर्ष गेलं. परतीच्या गाडीत मी साडूंवर तोंड टाकायचो. "तुमच्या रोमनं माझं दुकान बुडवलं."

"साडूबुवा, ख्रिश्चनांनाही तीनशे वर्षं थांबावं लागलं."

"त्यांना माल खपवायचा नव्हता."

"नव्हता कसा?" ते म्हणाले आणि खुदकन हसले.

मग त्यांची मुंबईला बदली झाली. निरोपाच्या रविवारी सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिश्चनांचा छळ थांबवला, तिथवर ते आले आणि घड्याळ बघून उठले. आजोबा त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि ते वळणावर दिसेनासे होईस्तोवर वाकून उभे राहिले.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. आजोबांनी मी पहिल्या दिवशी मागितलेल्या अटींचाच करार काढला, त्यावर आपला शिक्का मारला आणि किल्ली पुढे केली. शटर, पाटी, गटार, कशाचंच नाव नाही. माझ्या मोडक्या जपानीत मी विचारलं, "मग इतके दिवस का नाही?"

"दुकान दिलं असतं, तर तुम्ही दोघं कशाला आला असता?"

सौदा ताणून धरण्यात मला कुणी हरवलं नव्हतं. या म्हाताऱ्याने वर्षभर हरवलं आणि मला पत्ताही लागला नाही. मी उठणार, तोच त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. "कॉन्स्टंटाइननंतर काय झालं?"

मला ठाऊक नव्हतं. घरी रोमचं कोडकौतुक चालू झालं की मी उठून जात असे.

"साडूंना फोन करून विचारतो," मी म्हणालो. "रविवारी येऊन सांगतो."