काळवीट पाहायला गेले आणि चौकीपुढची माणसं पाहून आले

काळवीट पाहायचं खूळ डोक्यात कधीपासून होतं. शेवटी एका शनिवारी दुपारी गाडी काढली आणि एकटीच निघाले. पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण, तिथून डावीकडे वळून राशीन, मग कर्जत. रस्ता चांगला आहे. कर्जतला साधं लॉज मिळतं, फार अपेक्षा ठेवू नका. पण तिथली झणझणीत शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी चुकवू नका. मी नाक पुसत पुसत दोनदा आमटी मागून घेतली.

रेहेकुरीच्या अभयारण्यात उजाडताच पोचा. प्रवेशशुल्क किरकोळ आहे, गर्दी नसते. पिवळ्या गवतात कळप चरत होता. मधूनच एखादा नर उगाच चार पायांवर उडी मारायचा, अंगात आल्यासारखा. पाणवठे भरलेले होते. "जनावरांचे हाल नको म्हणून टँकरनं भरतो," वनरक्षक म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी पाणवठ्याचेही फोटो काढले.

परतताना एका गावात चहाला थांबले. त्या दिवशी ग्रामपंचायतीचं मतदान होतं. टपरीसमोर पोलीस चौकी, आणि चौकीपुढच्या लिंबाखाली वीसेक पुरुष गप्प बसलेले.

"यांना पकडून आणलंय का?" मी चहावाल्याला विचारलं.

"न्हाई वो ताई, आपल्या पायानं आल्यात. माळावरच्या वस्तीवरचे पारधी हायेत. जत्रा असू, मतदान असू, गावात गर्दी झाली की हितं येऊन बसत्यात. म्हंजी कुनाचं काय चोरीला गेलं, तर हवालदार सांगतो, ही समदी माझ्यापुढं हुती."

माझा चहा तसाच राहिला. इंग्रजांनी पारध्यांसारख्या काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना रोज हजेरी लावायला लावली. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. हे मी वाचलं होतं. पण हजेरी घेणारं कुणी उरलेलं नसताना माणसं अजून हजेरी देतात, हे कुठे वाचलं नव्हतं. संताप संताप झाला.

तेवढ्यात एक बाई तरातरा आली. बोटाला शाई, कपाळावर घाम. शेवंता तिचं नाव. प्रभागातली जागा आदिवासी बाईसाठी राखीव होती. गावच्या पुढाऱ्यांनी आपल्या ऐकण्यातली एक बाई उभी केली होती, आणि शेवंता स्वतःहून उभी राहिली होती. लिंबाखालच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे ती उभी राहिली. तो तिचा सासरा.

"मामा, उठा की आता. तुमी समदी हितंच बसल्यावर मला मत कोन देनार?"

"आमी शाळंत मत द्यायला जायाचं, आन् तिकडं कुनाच्या हिरीवरली मोटार चोरीला गेली, मंग? मागच्या जत्रंत तुझ्या दिराला मरुस्तोवर मारलं. त्यो तर वस्तीवर झोपल्याला हुता."

"म्हनूनच उभी ऱ्हायले ना! नळाची पाइपलाइन गावातल्या शेवटच्या घरापर्यंत आली आन् तितंच थांबली. फुडं आपली वस्ती हाय म्हनून."

सकाळचे ते पाणवठे आठवले आणि मला माझ्याच फोटोंची लाज वाटली. न राहवून मी मध्ये तोंड घातलं. "आजोबा, मतदान तुमचा हक्क आहे. कुणी अडवू शकत नाही."

"तुमी सांजच्याला पुन्याला जानार, ताई," म्हातारा शांतपणे म्हणाला.

हवालदार बाहेर आला. मी त्याच्यावर तुटून पडणार होते. "मी कुठं बोलावलंय यांना?" तो म्हणाला. "सकाळपासून सांगतोय, जा मतदानाला." आणि ते खरंच होतं. ओरडावं तर कुणावर, याचाच राग आला.

शेवंताने पदर खोचला. "साहेब, मंग तुमीच चला ह्यांच्यासंगं. शाळंपतुर न्या आन् परत आना. तुमच्या नजरंफुडं असल्यावर मामा येतील."

हवालदाराने डोकं खाजवलं. "चला, मलाही शाळेवर चक्कर मारायचीच आहे."

पुढे हवालदार, मागे माणसं. शाळेच्या फाटकाशी कुणीतरी दात काढले, "बघा बघा, वरात निघाली पारध्यांची!" कानाखाली वाजवावीशी वाटली. माझं मत मी झोपेतून उठून चपला घालून देऊन येते. यांना साक्षीला पोलीस लागतो. हवालदार फाटकाबाहेर थांबला. एकेक जण आत जाऊन शाई लावून आला. मग सगळे तसेच परत गेले आणि लिंबाखाली आपापल्या जागी बसले.

शेवंताचा नंबर घेऊन मी निघाले. भिगवणला मासे खायचा बेत होता, पण भूकच नव्हती.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी घरी काळविटांचे फोटो निवडत बसले होते. फोन वाजला.

"ताई, आले निवडून!"

मी घरात नाचलेच. "आता आधी नळ! आणि मिरवणूक काढली की नाही?"

"काढली की. बाया लई नाचल्या."

"आणि सासरे? खूश असतील!"



"गावात गर्दी हुती ना, ताई. मानसं चौकीवर जाऊन बसल्याली. मंग मिरवनूकच तिकडं नेली. मामांनी गुलाल लावून घेतला, पर बसल्या जागेवरनं उठले न्हाईत."