आज रत्नी, उद्या साळू

सारख्या तोंडाच्या तीन मेंढ्या समोर उभ्या केल्या, तर काल पाहिलेली त्यातली कोणती, हे तुम्हाला सांगता येईल? नाही येणार. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातल्या मोठ्या साहेबालाही ते येत नव्हतं. येडूला येत होतं, आणि त्यातूनच चौऱ्याहत्तर साली सगळा घोळ झाला.

येडू सांगोल्याकडचा धनगर. दुष्काळात कळप गेला, तसा शहरात येऊन कॉलेजच्या प्राणिघरात शिपाई म्हणून लागला. काम एकच, मेंढी धरायची. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रोगाची रक्तचाचणी मेंढीच्या रक्तपेशी घेऊन करतात. त्या चाचणीवर अक्कलकोटची शरणम्मा एम.डी.चा प्रबंध लिहीत होती. तिच्या घराण्यात डॉक्टर सोडा, मॅट्रिक झालेलंही कोणी नव्हतं. रोज सकाळी येडू मेंढी गुडघ्यात दाबून धरी आणि शरणम्मा तिच्या मानेतून रक्त काढी. तिचे सर म्हणजे तेच मोठे साहेब, त्यांची सक्त अट होती की मेंढी रोज तीच हवी, दुसरीच्या पेशी वेगळ्या वागतात.

तीन महिने झाले तरी आकडे जुळेनात. सर म्हणाले, तुझा हातच कच्चा आहे, संशोधनाचा नाद सोड. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिने येडूला मेंढीबद्दल विचारलं, तर तो चाऱ्याची पाटी उचलून निघून गेला. मग मेंढी बदलत असल्याचा संशय घेऊन सर त्याला कामावरून काढायची भाषा करू लागले.

मी युनियनचा माणूस. चौथी शिकलेला, पण गरिबावर आळ आला की डोकं फिरतं. सरांच्या टेबलावर मूठ आपटून सांगितलं की आमचा माणूस लबाडी करणार नाही. तेवढ्यात मागून येडूने माझा सदरा ओढला.

"तुमी गप बसा की आण्णा. केलंय मी. रोज एकीच्याच मानंत सुई? तिनं काय पाप केलंय? म्हून आज रत्नी, उद्या साळू, परवा गंगी."

माझी मूठ टेबलावरच राहिली. सर लालबुंद. शरणम्माने मात्र वही उघडली.

"मामा, कोणत्या दिवशी कोणती, सांगाल?"

"सांगतो की. पाळी कदी चुकली न्हाय. आवसंला तेवढं कुणाचंच रगत न्हाय."

"त्या दिवशी तर मेंढी लंगडते म्हणालात."

"मंग काय सांगू? सायेब लोक आवस मानत्यात व्हय?"

वहीत तीन ठिकाणी 'मेंढी लंगडते' लिहिलं होतं. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. तिन्ही दिवस अमावास्येचे. सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग येडू दिवस सांगत गेला, शरणम्मा एकेका मेंढीचे आकडे वेगळे मांडत गेली. तिन्ही रांगा सुतासारख्या सरळ आल्या. हात कच्चा नव्हताच. मेंढीमेंढीत किती फरक पडतो, हाच प्रबंधाचा विषय झाला आणि पुढल्या साली पोरगी पास झाली.

आता नव्या विद्यार्थ्याने सुई धरण्याआधी आठवडाभर येडूपाशी बसायचं, असा नियमच आहे. मास्तर लई कडक. साळूला गंगी म्हणणाऱ्याला तो लेंड्या झाडायला लावतो, मग तो कुणाचा का जावई असेना.

प्रबंधात आभाराच्या पानावर शरणम्माने येडूचं नाव घातलं. कुणीतरी ते खोडलं, तिने पुन्हा घातलं. तुमच्या घरी कोणी असं मोठं शिक्षण घेत असेल, तर त्याला आजच विचारा, तुझी मेंढी कोण धरतं? आणि ते नाव तुमच्यासमोर कागदावर लिहून घ्या.