मावशींची लपवलेली प्रत

संघटनेत पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा मिळाला तो हा: नाव घ्या, गाव सांगा, ओरडून सांगा. लपवाछपवी चोरांनी करावी. त्यामुळे ईमेलमधल्या त्या ‘बीसीसी’च्या रकान्याचा मला रागच होता. एकाला उघड पत्र आणि दुसऱ्याला गुपचूप प्रत, हे आपलं काम नव्हे.

पण डोंगरातल्या एका आश्रमशाळेतल्या स्वयंपाकीण मावशींनी पाण्याच्या टाकीतल्या अळ्यांचे फोटो माझ्याकडे दिले आणि म्हणाल्या, “ताई, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पण साहेबाला पोचलं का, तेवढं मला कळवा.” मावशी रोजंदारीवर. दर जूनमध्ये त्यांचा नवा आदेश निघतो आणि तो मुख्याध्यापकांच्या एका शब्दावर. पोरांना अळ्यांचं पाणी पाजणारे खुर्चीत बसणार, आणि ते सांगणारीनं तोंड लपवायचं!

मावशींचा फोन घरात सगळ्यांच्या हाती फिरे, म्हणून मी व्हॉट्सॲप टाळलं. त्यांनी दाखवलेल्या नोकरीच्या अर्जावर ईमेलचा पत्ता छापलेला होता. सरकारी कार्यालयाला तक्रार पाठवली आणि तो पत्ता बीसीसीत घातला. साहेबांना दिसणार नाही, तक्रार शाळेकडे चौकशीला गेली तरी दिसणार नाही. मी निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याला पत्रकांच्या झेरॉक्स काढायला गेले. ऑनलाइन फॉर्म भरणारा दुकानदार मशीनवरून मान न उचलताच म्हणाला, “ताई, त्या शाळावाली मावशीना मेल उना व्हता. प्रिंट काढी जीपवर दी टाकी.”

माझ्या हातातले कागद तिथेच राहिले. अर्ध्या डोंगराचे ईमेल यानंच काढून दिलेत, पासवर्डही याच्याकडेच. काही आलं की तो छापतो, पिन मारतो, वर नाव लिहितो आणि जीपवाल्याकडे देतो. किती पोरांची हॉल तिकिटं अशीच वेळेवर पोचली. हे मला माहीत होतं. फक्त त्या पत्त्यामागेही हाच बसलाय, हे डोक्यात आलं नव्हतं.

“कसाले दी टाकी?” मी ओरडले.

“आते! मी वाचत नई ताई. कोणाना कागद अडकाडी ठेवाना नई, हाई मन्हं तत्त्व शे.”

त्यानं ती मेल पडद्यावर उघडून दाखवली. मजकुराच्या वर ‘बीसीसी’ आणि पुढे मावशींचं पूर्ण नाव. जिला प्रत जाते तिला स्वतःचं नाव दिसतं. कागदावर छापल्यावर ते ज्याच्या हाती कागद पडेल त्याला दिसणार होतं.

जीपवाल्याचा फोन लागेना. घाटात रेंज नसतेच. मी पुढची जीप धरली. ती भरेपर्यंत हलणार नव्हती आणि मी प्रत्येक येणाऱ्या माणसाकडे त्यानं माझ्यावर उपकार केल्यासारखी बघत होते. चढावर समोरून पहिली जीप रिकामी परतताना दिसली. मी हात करून थांबवली.

“दिला का कागद?”

“दिला की. मावशीचे हात पिठाचे होते, म्हणून सरांकडे दिला.”

शाळेत पोचले तेव्हा मुख्याध्यापक स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता.

“या, या. पुढारी बाई आमच्याकडे कशा? चहा घ्या. घाबरू नका, पाणी उकळलेलं आहे.”

ते हसले. मी हसले नाही.

“बरं झालं आलात,” त्यांनी कागद काढून माझ्यापुढे धरला. “मावशींचा आहे. त्यांचे हात पिठाचे, आणि माझा चष्मा आज घरी राहिलाय. जरा मोठ्यानं वाचा.”

मावशी भाकरी थापायच्या थांबल्या.

चौकात माइकवर मी कधी अडखळले नाही. तिथे मात्र माझंच पत्र हातात घेऊन मी भलतंच वाचलं. “अर्जाचं आहे,” मी म्हणाले. “अर्ज साहेबांकडे पोचला, असं कळवलंय.”

“पोचला ना?” मावशींनी विचारलं.

“पोचला.”

“कसला अर्ज?” मुख्याध्यापक.

“कायम करायचा,” मावशी म्हणाल्या, माझ्या हातून कागद घेतला आणि सरळ चुलीत सारला. “पोचला तर कागद कशाला ठेवायचा?”

मुख्याध्यापक कागद जळेपर्यंत बघत राहिले. मी निघाले तेव्हा म्हणाले, “भेटीच्या रजिस्टरला सही करून जा.” रजिस्टर उघडलं, आणि पान शोधायला त्याच खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

टाकी त्याच आठवड्यात धुतली गेली. मावशी अजून भाकऱ्या थापतात. दर बाजाराला मी जीपवाल्याला विचारते, “मावशी आहेत ना?” तो म्हणतो, “आहेत की, काय झालं?” जून अजून यायचाय.